आरशाच्या पोटातला वेळ

माझ्याकडे एक फोटो आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काढलेला, आडव्या छेदाचा. काळी पट्टी, पांढरी पट्टी, पुन्हा काळी, पुन्हा पांढरी, अशा पार वरपर्यंत. न सांगता दाखवला तर बघणारा म्हणेल, एखाद्या चादरीची किनार असावी. काळ्या पट्ट्या मॉलिब्डेनमच्या, पांढऱ्या सिलिकॉनच्या. एक काळी-पांढरी जोडी जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीची. अशा ५० जोड्या एकावर एक रचल्या तरी थप्पी ३५० नॅनोमीटरच भरते, म्हणजे जांभळ्या प्रकाशाच्या एका तरंगलांबीहूनही कमी. ही थप्पी म्हणजे क्ष-किरणांच्या अलीकडच्या टोकाचा, १३-१४ नॅनोमीटर लांबीचा प्रकाश परतवणारा आरसा.

शाळेत रसग्रहणाच्या प्रश्नाला मराठीच्या बाई एकच सांगायच्या: आधी दोनदा वाचा, अर्थाच्या मागे नंतर लागा. हा फोटो मी दोनदा नाही, पुष्कळदा पाहिला, तरी पुष्कळ दिवस चुकीचाच वाचला. आरसा म्हटलं की आपली नजर पृष्ठभागावर थांबते. इथे पृष्ठभागाला फारसं कामच नाही. जे काही आहे ते पोटात आहे, आणि त्या पोटात जागेइतकाच वेळ रचून ठेवलाय.

आधी अडचण काय होती ते बघू. १८९५ मध्ये रंटगेन यांना क्ष-किरण सापडले, तेव्हा त्यांनी लगेच ते वाकतात का हे तपासलं. अभ्रकाच्या पोकळ लोलकात पाणी भरलं, कार्बन डायसल्फाइड भरलं. किरण सरळ निघून गेले. कारण त्यांच्या लेखी काच, पाणी, धातू ही सगळी हवेहून फारशी वेगळी नव्हतीच. १३.५ नॅनोमीटरच्या प्रकाशाचीही गत जवळपास तीच. त्याच्यासाठी सिलिकॉनचा अपवर्तनांक ०.९९९, म्हणजे सिलिकॉन ही जवळजवळ पोकळीच. मॉलिब्डेनमचा ०.९२ च्या आसपास. म्हणून मॉलिब्डेनमचा घोटून चकचकीत केलेला तुकडा समोर धरला, तर हजारातला एखाद-दुसरा फोटॉन परत येतो. बाकीचे आत शिरतात आणि तिथेच जिरतात.

एक पळवाट जुनी आहे. चपटा दगड पाण्यावर अगदी आडवा भिरकावला की तो बुडत नाही, टप्पे घेत जातो. क्ष-किरणही पृष्ठभागाला घासून जाईल इतक्या आडव्या कोनात सोडले की परततात. २०१५ मध्ये आकाशात गेलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची मृदू क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) बांधली गेली. तिच्यात सोन्याचा मुलामा दिलेले पातळ पत्रे असेच आडवे बसवलेत. उत्तम काम करतात. पण असा आरसा निवड करत नाही. येईल ते जवळपास सगळंच पुढे पाठवतो, आणि त्याला जागाही भरपूर लागते. समोरासमोर परतवायचं असेल आणि हवं तेवढंच परतवायचं असेल, तर थरांकडेच यावं लागतं.

थरांचा हिशोब तसा सोपा आहे. एका सीमेवरून लाटेच्या उंचीचा साधारण पंचविसावा हिस्सा परत येतो. ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती हजारात दीडपर्यंत घसरते. पण अशा अनेक सीमांवरून परतलेल्या लाटा एकाच ठेक्यात आल्या, तर आधी उंचीची बेरीज होते आणि मग वर्ग. दर सीमेचा वाटा चिमूटभरच, पण बेरीज आधी झाल्याने ढीग मोठा होतो. स्फटिकातल्या अणूंच्या ओळींसाठी हे सूत्र लॉरेन्स ब्रॅगने १९१२ मध्ये मांडलं, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. निसर्गाने दिलेल्या स्फटिकात अणूंच्या ओळी फार जवळ असतात, १३ नॅनोमीटरच्या लाटेला त्यांचा उपयोग नाही. मग स्फटिक हातानेच रचायचा.

पहिला नेटका प्रयत्न कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये झाला. जेसी ड्यूमॉंड आणि त्यांचे सहकारी यूट्झ यांनी १९३० च्या दशकात सोनं आणि तांबं आळीपाळीने वाफेतून बसवलं. थर जमले, क्ष-किरण परतलेही. पण परतणारं तेज रोज थोडं-थोडं मंदावत गेलं. सोन्याचे अणू तांब्यात आणि तांब्याचे सोन्यात मुरत होते. सीमाच पुसली जात होती. दुसऱ्या कुणी हा प्रयोग फसला म्हणून बाजूला ठेवला असता. यांनी १९४० मध्ये त्या मंदावण्यालाच मोजपट्टी केलं, आणि घन पदार्थात अणू एकमेकांत किती वेगाने मिसळतात हे त्यावरून काढलं. तेव्हापासून या आरशांच्या गोष्टीत वेळ आहे, अगदी पहिल्या ओळीपासून. तेव्हा तो शत्रू होता.

या सगळ्या प्रकारातली मला सर्वांत आवडणारी कल्पना मात्र १९७२ ची आहे. ती आयबीएमच्या प्रयोगशाळेतल्या एबरहार्ड स्पिलर यांची. अडचण अशी, की जो पदार्थ ही लाट चांगली परतवतो तोच ती चांगली गिळतोही. थर वाढवावेत तर गिळणं वाढतं, कमी करावेत तर परतणं घटतं. पण येणारी लाट आणि परतणारी लाट एकमेकींत मिसळल्या की आरशाच्या आत एक स्थिर तरंग उभा राहतो. त्यात काही जागी प्रकाश जोरात उसळत असतो आणि मधल्या काही जागी जवळपास नसतोच. या शांत जागांना आपली पाठ्यपुस्तकं निस्पंद म्हणतात. स्पिलर म्हणाले, गिळणारा धातू पातळ करा आणि नेमका तिथे ठेवा. जिथे उजेडच नाही तिथे बसलेला धातू गिळणार तरी काय? आणि उसळीच्या जागी ठेवा जवळपास पारदर्शक असा पदार्थ.

यातली खुबी सावकाश वाचण्यासारखी आहे. धातू नसेल तर परतणारी लाट नाही. परतणारी लाट नसेल तर स्थिर तरंग नाही, आणि तो नसेल तर धातूला लपायला जागा नाही. म्हणजे धातू आपली सावली आधी पाडतो आणि मग तिच्यातच जाऊन बसतो. शिवाय दोन निस्पंदांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीचं, आणि लाटा एका ठेक्यात परताव्यात म्हणून जोडीची जाडी लागते तीही अर्ध्या तरंगलांबीची. दोन वेगळ्या गरजांचं उत्तर एकाच मापात निघालं. कवितेत यमक अर्थासाठीच आलंय असं वाटावं, तसं हे आहे. प्रत्यक्षात मॉलिब्डेनमचा थर निस्पंदात मावेल इतका पातळ ठेवणं परवडत नाही. तो पावणेतीन नॅनोमीटरच्या आसपास जातो आणि थोडं गिळतोच. तरी कल्पनेचा कस कमी होत नाही.

मॉलिब्डेनम-सिलिकॉनची ही जोडी १९८५ मध्ये ट्रॉय बार्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नावारूपाला आणली. सिलिकॉनच का? तर १२.४ नॅनोमीटरच्या अलीकडे सिलिकॉन प्रकाश एकदम जोरात गिळू लागतं आणि त्याच्या पलीकडे एकदम सौम्य होतं. १३.५ हा आकडा त्या उंबरठ्याच्या बाहेर, पायरीवर उभा आहे. चांगल्या आरशाला आज इथे ७० टक्क्यांच्या आसपास परतावा मिळतो. हजारात दीडपासून शंभरात सत्तरपर्यंत.

आता पुन्हा फोटोकडे, जरा जवळून. पट्ट्यांच्या कडा बघा. सगळ्या सारख्या नाहीत. सिलिकॉनवर मॉलिब्डेनम बसवलंय तिथे मध्ये करड्या रंगाची एक पट्टी दिसते, साधारण १ नॅनोमीटरची. मॉलिब्डेनमवर सिलिकॉन बसवलंय तिथे ती निम्मीच. जड अणू मऊ जमिनीवर येऊन आदळला की रुततो, हलका अणू टणक जमिनीवर येऊन बसला की फारसा रुतत नाही. दोन्ही ठिकाणी पदार्थ तेच, पण कोण आधी आलं यावर कडेचा स्वभाव ठरतो. कारागीर मग त्या दोघांमध्ये बोरॉन कार्बाइडचा एक अतिपातळ पडदा घालतात. ड्यूमॉंड यांचं सोनं-तांबं मुरत होतं तेच दुखणं, फक्त आता त्याला आवर घालता येतो. आणखी एक गंमत: मॉलिब्डेनमचा थर २ नॅनोमीटरपर्यंत वाढेस्तोवर अणू विस्कळीत पडलेले असतात, त्याच्यापुढे ते एकदम स्फटिकासारखे रांगेत बसतात. त्या बसण्याने पृष्ठभाग खडबडीत होऊ शकतो. आणि इथे खडबडीत म्हणजे नॅनोमीटरचा तिसरा हिस्सासुद्धा.

या आरशांची प्रसिद्ध कामं दोन, ती भराभर सांगतो. १९८७ मध्ये स्टॅनफर्डच्या आर्थर वॉकर यांनी असे आरसे रॉकेटवरून वर नेले आणि सूर्याच्या प्रभामंडलाचे तपशीलवार फोटो आणले. पुढे नासाच्या सूर्यवेधी उपग्रहाने पाठवलेले सोनेरी, हिरवे, जांभळे सूर्य आपण बघतो. त्यातले रंग नंतर भरलेले, पण प्रकाश टिपणारे आरसे याच कुळातले. दुसरं काम चिपच्या छपाईचं. १३.५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने चिपवरची नक्षी उमटवणाऱ्या यंत्रात असे दहा-एक आरसे ओळीने असतात. दर आरशाला ७० टक्के धरले, तर दहाव्यानंतर हाती तीन टक्केसुद्धा उरत नाहीत. आरशाची एका टक्क्याची सुधारणा तिथे पैशांत मोजतात.

दोन्ही ठिकाणी हवं असतं ते जास्तीत जास्त तेज आणि एकच नेमका रंग. म्हणून थरही भरपूर. पण प्रकाशाचा अतिसूक्ष्म काळाचा स्पंद परतवायचा म्हटलं की याच गुणांचा दोष होतो.

मेक्सिकोतल्या चिचेन इत्झाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडसमोर टाळी वाजवली की टाळी परत येत नाही, पक्ष्याची शीळ परत येते. प्रत्येक पायरी आपापला प्रतिध्वनी पाठवते, वरच्या पायरीचा थोडा उशिरा, त्याहून वरच्या पायरीचा आणखी उशिरा. टाळी एक, पण उत्तर मिळतं ते रांगेने, म्हणून क्षणाचा सूर होतो. आरशातही हुबेहूब हेच घडतं. प्रकाश एका ॲटोसेकंदात ०.३ नॅनोमीटर जातो. ॲटोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, त्याचा पुन्हा अब्जावा. सिलिकॉनमध्ये शेजारच्या दोन अणूंत अंतर असतं ०.२३५ नॅनोमीटर. म्हणजे आरशात एक अणूभर खोल जाऊन परत यायला प्रकाशाला दीड ॲटोसेकंद लागतो. एका जोडीच्या मागे ४५ ॲटोसेकंद. आणि ५० जोड्यांच्या तळाशी जाऊन परतलेली लाट वरून परतलेल्या लाटेच्या २,३०० ॲटोसेकंद मागे असते. १०० ॲटोसेकंदांचा स्पंद या आरशावर टाकला तर टाळीची शीळ झालीच म्हणून समजा. तळातल्या थरांपर्यंत प्रकाश कमीच पोचतो, तेव्हा प्रत्यक्षातलं ताणलं जाणं थोडं कमी. पण स्पंद मोडायला तेवढं पुष्कळ झालं.

हीच गोष्ट रंगांच्या भाषेतही सांगता येते. स्पंद जितका आखूड, तितके त्यात रंग जास्त मिसळावे लागतात. स्पंदाची लांबी फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे हजार ॲटोसेकंद) आणि रंगांचा पट्टा इलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जेच्या मापात घेतला, तर दोहोंचा गुणाकार १.८ च्या खाली जात नाही. १०० ॲटोसेकंद हवे तर १८ इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंदीचा पट्टा हवा. ५० जोड्यांचा आरसा त्यातला तीन-साडेतीनच परतवतो. बाकीचे रंग गेले की स्पंदाचा आखूडपणाही गेला.

२००१ मध्ये व्हिएन्नात फेरेंत्स क्राउस यांच्या गटाने पहिल्यांदा एकटा, सुटा ॲटोसेकंद स्पंद मोजला, ६५० ॲटोसेकंदांचा. त्या यंत्रातला आरसा हा माझ्या मते त्या प्रयोगाचा अबोल नायक आहे. लेझरचा काही फेम्टोसेकंदांचा स्पंद निऑन वायूत सोडला की त्यातून कितीतरी पटींनी ऊर्जावान प्रकाश निघतो, पण तो बहुतेक ठिकाणी तुकड्यातुकड्यांचा, एकामागून एक स्पंदांची माळ. फक्त सगळ्यांत वरच्या टोकाला, ९० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, म्हणजे याच १३-१४ नॅनोमीटरच्या टापूत, एकच स्पंद सापडण्याची शक्यता असते. आरशाने तेवढाच पट्टा उचलला आणि बाकीची माळ सोडून दिली. संपादकाने चांगल्या लेखाचा नेमका परिच्छेद ठेवावा, तसं. आरसा दोन भागांचा होता. मध्ये बहुस्तरी चकती, भोवती कडं. मधून येणारा ॲटोसेकंद स्पंद चकतीवर, कडेने येणारा लेझर कड्यावर. चकती पिझोइलेक्ट्रिक स्फटिकाच्या आधाराने पुढे-मागे सरकवायची आणि दोघांमधलं अंतर बदलायचं. चकती ०.१५ नॅनोमीटर सरकली की वेळ एका ॲटोसेकंदाने सरकतो. म्हणजे तोच आरसा गाळणी, तोच घड्याळाचा काटा. ॲटोसेकंद स्पंदांच्या प्रयोगांसाठी क्राउस, ॲन ल्युलिए आणि पिएर आगोस्तिनी यांना २०२३ चं नोबेल मिळालं.

पुढचं पाऊल थर वाढवण्याचं नव्हतं, कमी करण्याचं होतं. साधा हिशोब केला तर ९० इलेक्ट्रॉनव्होल्टला १८ ची रुंदी हवी असेल, तर जोड्या पाच-सहाच ठेवता येतात. परतावा ७० टक्क्यांवरून दहाच्या आगेमागे येतो. मला हा आकडा सुंदर वाटतो. ज्या कारागिरांनी वीस वर्षं एकेका टक्क्यासाठी जीव काढला, त्यांनीच स्वतःहून साठ टक्के सोडून दिले, कारण आता त्यांना आखूडपणा हवा होता. २००८ मध्ये जर्मनीतल्या गार्खिंग इथे ८० ॲटोसेकंदांचे स्पंद मिळाले.

तरी एक बारीक कुरबुर राहते. निऑनमधून निघणारा स्पंद जन्मतःच थोडा विस्कटलेला असतो: कमी ऊर्जेचे रंग आधी, जास्त ऊर्जेचे नंतर. त्यांना एकत्र आणायचं कसं? इथे थरांची जाडी मुद्दाम बदलतात. वरच्या जोड्या पातळ, खालच्या जाड. पातळ जोड्या आखूड लाट परतवतात, जाड जोड्या लांब. आपल्या जुन्या घरासारखंच आहे हे. आधी आलेल्या पाहुण्याला माजघरापर्यंत न्यायचं, पाणी विचारायचं, बसवून ठेवायचं. उशिरा आलेल्याला ओटीवरूनच परत पाठवायचं. निघताना दोघं दारात बरोबर. २० नॅनोमीटर आत जाऊन यायला लागतात १३३ ॲटोसेकंद, म्हणजे माजघर काही फार लांब नाही. लेझरच्या प्रकाशासाठी असे चढत्या जाडीचे आरसे बुडापेस्ट आणि व्हिएन्नातल्या मंडळींनी १९९४ मध्ये केले होते. क्ष-किरणांकडे ही युक्ती आणणं कठीण, कारण इथे पाहुणा माजघरात पोचेपर्यंत अर्धा विरघळलेला असतो. म्हणून जाडीचा क्रम सरळ चढता राहत नाही. संगणक एकेका थराची जाडी वेगळी सुचवतो, आणि फोटोत किनारीची नक्षी चुकल्यासारखी दिसते. चुकलेली नसते.

ही चढ-उतार करणारी नक्षी आपल्या अंगणातही टांगलेली असते. कॉमन क्रो म्हणतात त्या काळ्या-तपकिरी फुलपाखराचा कोश कण्हेरीच्या पानाखाली लोंबतो, चांदीचा मुलामा दिल्यासारखा. त्यात धातूचा कण नाही. कवचात पातळ थर आहेत, पण सगळे एका जाडीचे नाहीत. एकाच जाडीचे असते तर कोश हिरवा किंवा निळा दिसला असता. जाडी बदलते म्हणून सगळे रंग परततात आणि चांदी दिसते. फुलपाखरू उडालं आणि कवच वाळलं की ती चांदीही जाते.

याच्याही पुढे, ३ नॅनोमीटरच्या आसपास, क्रोमियम आणि स्कँडियमची जोडी वापरतात. या टापूत पाणी बरंचसं पारदर्शक असतं आणि कार्बन नसतो, म्हणून ओल्या, जिवंत पेशीकडे बघायला तो सोयीचा. पण जोडीची जाडी दीड नॅनोमीटरवर येते, एक थर म्हणजे तीन-चार अणू. शेकडो थर रचूनही २००३ मध्ये परतावा १४.५ टक्के मिळाला, तर ती बातमी शोधनिबंधाच्या मथळ्यात गेली. थर रचण्याचं आणि तपासण्याचं काम आपल्याकडेही चालतं. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात असे बहुस्तरी आरसे बनतात आणि १९९९ पासून चालू असलेल्या इंडस-१ या सिंक्रोट्रॉनच्या प्रकाशात त्यांचा परतावा मोजला जातो. 

५० जोड्यांचा आरसा आणि पाच जोड्यांचा आरसा शेजारी ठेवले, तर पहिला लख्ख आणि दुसरा मलूल. माझं मत दुसऱ्याला. काय सोडलं आणि कशासाठी सोडलं, हे त्याच्या छेदात स्पष्ट वाचता येतं. असा फोटो तुम्हाला कुठे दिसलाच, तर तो किनार म्हणून बघू नका. वरून खाली वाचा, आणि दर काळ्या-पांढऱ्या जोडीमागे ४५ ॲटोसेकंद मोजत जा.